दातांची नोकरी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला नोकरी लागली, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर नोकरी माझ्या दातांना लागली होती. मी फक्त त्यांना रोज सकाळी सायकलवरून गोंदियाच्या बाहेरच्या राइस मिलमध्ये पोचवत होते.

गोष्ट दोन हजार पाचच्या दिवाळीनंतरची. माझे बाबा भैयालाल सडक अर्जुनीला हायवेवर ट्रकांची पंक्चरं काढायचे. मला गोंदियाला कॉलेजात घातलं तेव्हा ते म्हणाले होते, "फी स्कॉलरशिपमधून होते. खोलीचं अन् पोटाचं मी पाह्यतो. तू फक्त नापास होऊ नको." पहिलं वर्ष त्यांनी पाहिलं. दुसऱ्या वर्षी धाकटा संघदीप पॉलिटेक्निकला लागला, तेव्हा मीच म्हटलं, आता माझं मी पाहते. हे मी फार ऐटीत म्हटलं. पुढचे दोन आठवडे गोंदियाची दुकानं पालथी घालताना ती ऐट हळूहळू उतरत गेली.

चुन्नीलाल शेठच्या मिलमध्ये मी कारकुनी मागायला गेले होते. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कम्प्यूटर आता है?"

"शिकेन."

"तो सीख के आना, बेटा."

मी वळले. कोपऱ्यात स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या तळहातावर धानाचे पाचसात दाणे होते आणि तोंडात एक दाणा घोळत होता. बराच वेळ घोळत होता. शेवटी वैतागून त्यांनी तो हातात काढला आणि मला हाक मारली.

"पोरी, इकडं ये. हे चाव."

मला वाटलं, म्हातारा चळला. पण हाकेत जरब होती, म्हणून मी दाणा घेतला आणि दाढेखाली धरला.

"ओलं आहे," मी म्हटलं.

"दवाचं का पान्याचं?"

"पाण्याचं. पुंजण्यात पाणी शिरलं असेल." कापलेल्या धानाच्या राशीला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. आई दरवर्षी दुसऱ्यांच्या शेतावर कापणीला जायची आणि मी आठवीपासून तिच्यासोबत जायचे. दाणा चावून पाहायला मला कुणी शिकवलं नव्हतं. बांधावर बसलं की सगळेच चावतात.

म्हातारे शेठकडे वळले. "शेठजी, हिचे दात ठेवून घ्या. माहे गेले."

हे बिसरामबाबा. चाळीस वर्षं ते या मिलमध्ये सॅम्पल पाहत होते. धानाचं ट्रॅक्टर आलं की लोखंडी पोकळ सळई पोत्यात खुपसायची, दाणे काढायचे आणि चावून ओलावा सांगायचा. कट्ट करून तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. चौदा टक्के, पंधरा टक्के, सतरा टक्के असे आकडे बाबा दातांनी सांगायचे, आणि त्यावर भाव ठरायचा. ओलावा मोजायचं यंत्र शेठकडे होतं. सरकारी माणसं आली की ते कपाटातून निघायचं. शेतकरी मात्र त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. यंत्र शेठचं होतं ना!

म्हणून मिलमध्ये एक रिवाज होता. आधी धान आणणाऱ्यानं चावायचं, मग त्याच मुठीतला दाणा बिसरामबाबांनी चावायचा. दोघांनी आकडा सांगायचा. आकडा कितीही असो, जुळला की बाबा म्हणायचे, "जुळला. आत घ्या." नाही जुळला तर धान मिलच्या अंगणात पसरायचं, दोन दिवस ऊन द्यायचं आणि पुन्हा चावायचं. त्यावर वाद घालायचा नाही. चाळीस वर्षांत कुणी घातला नव्हता.

पण तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन बाबांचे दात गेले होते. शेवटची दाढ त्या दिवाळीत पडली. म्हणून माझ्या बत्तीस दातांना सकाळी साडेसहा ते अकरा अशी नोकरी मिळाली. शेठनी मला बसवून पगार सांगितला. खोलीचं भाडं आणि डबा भागून वर सायकलच्या पंक्चरपुरते उरतील एवढा होता. पंक्चरवाल्याच्या मुलीला पंक्चरचे पैसे द्यावे लागतात, हे ऐकून माझे बाबा फोनवर खूप हसले.

बिसरामबाबांचे नियम कडक होते. पहिला दाणा चावण्याआधी चहा नाही, जिभेला चटका बसतो. पेस्ट नाही, तोंड सुन्न होतं. खर्ऱ्याचं नाव काढायचं नाही. "माह्याकडं पाहून घे," ते म्हणायचे आणि तोंड उघडून दाखवायचे. दोन आठवड्यांत मी चौदा आणि सोळा ओळखायला लागले. डिसेंबर संपेपर्यंत पंधरा आणि सोळाही. बाबा माझ्या मागे स्टुलावर बसून नुसता आवाज ऐकायचे आणि मी सांगायच्या आधीच मान हलवायचे.

कॉलेज साडेअकराचं. बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री. आठवड्याला सहा प्रॅक्टिकल आणि त्यानंतर पाचपर्यंत थिअरी. मी वही घेऊन पोत्यांवर बसायचे आणि दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या वेळात पाठ करायचे. बाबांना ते फार आवडायचं. "आज कोनतं झाड?" असं विचारून ते माझ्याकडून नाव वदवून घ्यायचे. धानाचं नाव त्यांनी एका दिवसात पाठ केलं आणि मग कुणी शेतकरी भावावरून घासाघीस करायला लागला की त्याला गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "हे साधं धान नाई बाप्पा, ओरायझा सटायव्हा हाये." शेतकरी गप्प व्हायचा.

मी सुखात होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. हात धुळीनं पांढरे, डोक्यात लॅटिन नावं, पायात सायकल. रात्री नऊला अशी झोप लागायची की घरमालकीण नंदाबाई दार वाजवून दमायची. मला हे दोन्ही हवं होतं, मिलही आणि कॉलेजही, आणि दोन्ही मिळालं होतं. एकच माणूस आडवा येत होता.

बॉटनीचे रहांगडाले सर. विभागप्रमुख. साडेअकराच्या ठोक्याला हजेरी घ्यायचे आणि हजेरी संपली की दार लावायचे. मग बाहेर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. धानाच्या हंगामात मिलच्या फाटकाबाहेर रांग लागायची, अकराची सुट्टी सव्वाअकराला व्हायची, आणि मी पोचायचे तेव्हा समोर बंद दार. जानेवारीच्या सुरुवातीला सरांनी मला बोलावलं. समोर माझी प्रॅक्टिकलची रेकॉर्ड वही होती. त्यांनी ती उलटी धरून झटकली. टेबलावर थोडा कोंडा पडला.

"हे काय आहे?"

"कोंडा, सर."

"ते मला दिसतंय. माझे वडील शेती करतात." ते विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करायचे, आणि त्यामुळे जास्त भीती वाटायची. "समीक्षा, पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. तुमची काठावर आहे. आणखी एक प्रॅक्टिकल चुकलं तर मी या वहीवर सही करणार नाही. सही नाही तर प्रॅक्टिकल परीक्षा नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं, वर्ष गेलं की स्कॉलरशिप गेली, आणि स्कॉलरशिप गेली की सडक अर्जुनीची बस. नापास न होणं, ही माझ्या बाबांनी माझ्याकडे मागितलेली एकुलती एक गोष्ट होती.

त्यानंतर मी अकराच्या आत मिलमधून निघायला लागले. शेठ कुरकुरले, पण बिसरामबाबांनी त्यांना गप्प केलं. तीन आठवडे एकही हजेरी चुकली नाही. आणि मग तो शनिवार आला.

अकराला दहा कमी होते. मी ओढणी बांधत होते, तेवढ्यात फाटकातून एक ट्रॅक्टर आत आलं. ट्रॉलीत चाळीसेक पोती. ड्रायव्हरच्या बाजूला एक ताठ म्हातारे पाटील बसले होते आणि ट्रॅक्टरच्या मागोमाग स्कूटरवर, कानाला मफलर गुंडाळून, रहांगडाले सर.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी मिलमध्ये काम करते हे सरांना माहीत असावं, कुठल्या मिलमध्ये ते नसावं. त्यांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला.

"रूपलालजी, रामराम," बिसरामबाबा म्हणाले. हे सरांचे वडील. दोघा म्हाताऱ्यांची जुनी ओळख होती.

बाबांनी सळई पोत्यात खुपसली आणि दाणे मुठीत घेतले. "घ्या, चावा."

रूपलालजी हसले आणि त्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं. त्यांच्याही तोंडात दात नव्हते. मुलाकडे वळून ते घरच्या पवारी बोलीत काहीतरी बोलले, आणि सर पुढे आले. वडिलांच्या वतीनं त्यांनी चावायचं आणि बाबांच्या वतीनं मी.

सरांनी दाणा चावला. शेतकऱ्याचा मुलगा होता, चावण्याची पद्धत बरोबर होती. पण आवाज आला नाही. मी ऐकलं, बाबांनीही ऐकलं असणार.

"चौदा," सर म्हणाले.

मी त्याच मुठीतला दाणा घेतला. दाढेखाली तो मऊ दबला. सतरा. जरासुद्धा शंका नव्हती. जानेवारीत मध्येच पाण्याचा शिडकावा झाला होता, त्यात पुंजणं भिजलेलं असणार.

आता खरं सांगते. माझ्या तोंडात चौदा आलं होतं. जिभेच्या टोकावर होतं. चौदा म्हटलं की आकडा जुळला, धान आत, सर खूश, आणि मी सव्वाअकराच्या आत सायकलवर. नुकसान झालं असतं ते शेठचं, आणि शेठला दोनचार पोत्यांनी काही झालं नसतं. पण माझ्या मागे स्टुलावर बिसरामबाबा बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं जे सांगितलं ते मी एका शनिवारी विकणार होते. मला स्वतःचा राग आला, सरांचाही आला आणि त्या ट्रॅक्टरचासुद्धा.

"सतरा," मी म्हटलं.

रूपलालजींनी मुलाकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. बिसरामबाबा सावकाश उठले. "नाई जुळला. अंगनात पसरा."

सर स्कूटरला किक मारून निघाले. मी सायकल काढली. रेल्वे फाटकाशी आम्ही पुन्हा भेटलो, कारण फाटक बंद होतं. सर पुढे, मी चार सायकली मागे. मालगाडी आली. गोंदियाची मालगाडी म्हणजे तिला वेळेचं भान नसतं. डबे मोजत मी उभी राहिले आणि सरांच्या मफलरकडे पाहत राहिले. एकदाही मान वळली नाही. फाटक उघडलं, स्कूटर गेली, आणि मी जेवढं जमेल तेवढं पायडल मारलं.

लॅबच्या दारात पोचले तेव्हा अकरा चौतीस झाले होते. दार लागलेलं होतं. काचेतून मला सर हजेरीपट मिटताना दिसले. त्यांनीही मला पाहिलं. दार उघडून ते म्हणाले, "वेळ सगळ्यांना सारखीच असते," आणि दार पुन्हा लावलं.

मला राग आला की भूक लागते. मी कँटीनमध्ये जाऊन तीन समोसे खाल्ले आणि प्रत्येक घासाला सरांना शिव्या दिल्या. सूड उगवला, मनात म्हटलं. चौदाला चौदा म्हटलं नाही म्हणून सूड. नोकरी सोडावी का, असाही विचार आला. मग लक्षात आलं की नोकरी सोडून गेलेली हजेरी परत येत नाही. चौथा समोसा घेतला.

सोमवारी रूपलालजी एकटेच आले. त्यांचं धान दोन दिवस ऊन खाऊन अंगणात पिवळंधमक पडलं होतं. बाबांनी मूठ पुढे केली.

"तुमच्याकडून कोन चावन?"

रूपलालजींनी माझ्याकडे पाहिलं. "हेच पोरगी चावन. तिकडूनबी अन् इकडूनबी."

असं मिलमध्ये कधी झालं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. मी एक दाणा रूपलालजींच्या वतीनं चावला. कट्ट. "चौदा." दुसरा मिलच्या वतीनं. कट्ट. "चौदा."

"जुळला," बाबा म्हणाले, "आत घ्या." आणि मग दोघे म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारून असे हसले की त्यांना खोकला आला. मला मात्र हसू आलं नाही. माझी वही सरांच्या टेबलावर पडून होती.

फेब्रुवारी गेला. सगळ्यांच्या वह्या सही होऊन परत आल्या, माझी आली नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा सर म्हणाले, "परीक्षेला बसा. तुमची वही एक्स्टर्नल मॅडमसमोर ठेवतो. काय करायचं ते त्या दिवशी ठरेल." ते हे खाली पाहून म्हणाले. मी घरी बाबांना काहीच सांगितलं नाही. बाबा फोनवर विचारायचे, "दात बरे हायेत ना?" मी म्हणायचे, बरे आहेत.

परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊला. त्या दिवशी मिलला जायचं नाही असं ठरलं होतं, पण आदल्या संध्याकाळी आठ ट्रॉल्या येऊन थांबल्या होत्या आणि बिसरामबाबांना नाही म्हणणं मला जमत नाही. साडेसहाला गेले, आठपर्यंत चाळीसेक दाणे चावले आणि चहासुद्धा न पिता कॉलेजात आले.

आधी स्पॉटिंग होतं. लांब टेबलावर दहा नमुने मांडलेले. काचेची स्लाइड, वाळलेलं पान, शेंग, असं काहीबाही. प्रत्येकासमोर दोन मिनिटं उभं राहायचं, ओळखायचं, लिहायचं, आणि घंटी वाजली की पुढे सरकायचं. घंटी वाजवायला लॅबचे अटेंडंट श्यामलालभाऊ. टेबलाच्या टोकाला नागपूरहून आलेल्या एक्स्टर्नल मॅडम, त्यांच्या बाजूला रहांगडाले सर, आणि दोघांच्या मध्ये वह्यांचा गठ्ठा. सगळ्यात खाली माझी वही होती. तिचा कोपरा मी ओळखला.

सहा स्पॉट झकास गेले. सातव्याला काचेच्या बशीत धानाचे दहाबारा दाणे होते. मला हसू आलं. ओरायझा सटायव्हा, बिसरामबाबांनीसुद्धा सांगितलं असतं. मी पेन उघडलं, नाव लिहिलं, आणि डाव्या हातानं बशीतला एक दाणा उचलून दाढेखाली धरून चावला.

तो माझ्या दाताखाली दबला तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

"तुम्ही काय खाल्लं?" मॅडम उभ्या राहिल्या. "तुम्ही स्पॉट खाल्ला?"

सगळी लॅब वळली. मी तोंड मिटून उभी. पुढचा आवाज रहांगडाले सरांचा होता आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "थुंका! समीक्षा, थुंका आधी! त्या धानाच्या बरणीत किडे मारायची पावडर आहे! श्यामलाल, पाणी आणा, पळा!" ते टेबलाला वळसा घालून धावत आले. चेहरा पांढरा पडला होता. मी बेसिनमध्ये थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली. सर बाजूला उभे राहून "आणखी, आणखी" म्हणत होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की या माणसानं माझ्यावर सूड उगवला नसावा.

"सर," तोंड पुसत मी म्हटलं, "ते बरणीतलं नाही."

"काय?"

"बरणीतलं धान जुनं असेल ना? जुना दाणा असा दबत नाही, कट्ट वाजतो. हा ओला आहे. सतरा टक्के."

सरांनी श्यामलालभाऊंकडे पाहिलं. श्यामलालभाऊंच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि काखेत घंटी. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "सर, बरनीतल्याले सोंडे लागले होते. मी घरचे धान आनले. मळकट दिसत होते, म्हनून काल धुतले. बरे दिसाव म्हनून."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या बशीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत होत्या. परीक्षेतला नमुना खाणं हे कुठल्या नियमात बसतं ते बहुधा त्यांनाही आठवत नव्हतं.

"सतरा टक्के? दातांनी?" त्या म्हणाल्या. "कशावरून खरं मानायचं?"

मी सांगितलं. मिल, सळई, बिसरामबाबा, आणि दोघांनी चावायचा रिवाज. मॅडमनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे एकाचं खरं मानत नाहीत."

"नाही, मॅडम. दुसऱ्यानं चावावं लागतं."

"मग इथे दुसरं कोण चावणार?"

माझ्या वर्गातल्या पोरी आपापल्या स्पॉटसमोर उभ्या होत्या आणि घंटी वाजत नसल्यामुळे निवांत उत्तरं सुधारत होत्या. मग रहांगडाले सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. बशीतला एक दाणा उचलला. मफलर नव्हता, बाकी सगळं त्या शनिवारसारखंच होतं. त्यांनी दाणा दाढेखाली धरला आणि सावकाश दाबला. आवाज आला नाही.

ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "सतरा."



"आणि मॅडम," सर म्हणाले, त्यांना कुणी विचारलं नसतानाही, "जानेवारीत यांनी आमच्या घरच्या धानाला सतरा सांगितलं होतं. मी चौदा म्हणालो होतो. तेव्हाही सतराच होतं. त्याच दिवशी यांना चार मिनिटं उशीर झाला आणि मी गैरहजेरी लावली. हजेरी नियमानं लावली. पण उशीर आमच्या ट्रॅक्टरमुळे झाला होता, हे मला माहीत होतं. हजेरीत पाच टक्के सूट द्यायचा अधिकार मला आहे. माझ्याच धानापायी द्यायची तर कुणासमोर तरी द्यावी, असं वाटलं. म्हणून ही वही आज ठेवली."

मॅडमनी गठ्ठ्याच्या तळातून माझी वही काढली आणि उघडली. पानांतून थोडा कोंडा टेबलावर सांडला. त्यांनी तो बोटानं गोळा करून बाजूला केला.

"मिलमध्ये दोघांचा आकडा जुळला तर पुढे काय करतात?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं, पण उत्तर सरांनीच दिलं.

"आत घेतात, मॅडम."

त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, वही स्वतःकडे ओढली आणि सही केली.

"श्यामलाल, घंटी," ते म्हणाले.

घंटी वाजली. सातव्या स्पॉटला फॅमिलीचं नाव लिहायचं राहून गेलं होतं, त्याचा एक गुण गेला. मी आठव्याकडे सरकले.